बुद्धिबळाच्या पटावरील वीस अंकी संख्या

प्राथमिक शाळेच्या अंकगणितात मोठ्या संख्यांचा पाठ येतो तो बहुधा वाचन व लेखन यांपुरताच. गुरुजी फळ्यावर आठ-नऊ अंकांची ओळ लिहितात, मुले एकं, दहं, शतं म्हणत उजवीकडून डावीकडे बोट फिरवितात, कोटीपर्यंत पोचतात आणि पाठ संपतो. संख्या वाचता येते, परंतु तिची ओळख होत नाही. ती कशी घडली, तिच्या पोटात कोणत्या लहान संख्या आहेत, तिची चूक कशी पकडावी, यांपैकी कशाचाही विचार होत नाही. परिणाम असा होतो की, मोठा आकडा म्हणजे आपल्या बुद्धीपलीकडची वस्तू, अशी समजूत मुलाच्या मनात घर करते. पुढे हाच मुलगा प्रौढपणी कर्जाच्या कागदावरील किंवा एखाद्या आकर्षक योजनेच्या पत्रकावरील आकड्यांपुढे मुकाट्याने मान तुकवितो.

ही भीती घालविण्याचा उत्तम उपाय म्हणजे एखादी फार मोठी संख्या घेऊन ती मुलांसमोर उकलून दाखविणे. यासाठी एक संख्या विशेष सोयीची आहे. ती वीस अंकी आहे. तरीही तिचे सर्व अवयव सातवीपर्यंतच्या अंकगणिताने समजावून देता येतात. ती संख्या अशी :

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५

संख्या कोठून आली

बुद्धिबळाच्या शोधाची कथा सर्वपरिचित आहे. खेळ शोधून काढणाऱ्या विद्वानाला राजाने हवे ते मागण्यास सांगितले. विद्वानाने मागणी केली की, पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, चौथ्यात आठ, याप्रमाणे प्रत्येक घरात मागील घराच्या दुप्पट दाणे ठेवून चौसष्ट घरे भरावीत आणि ते धान्य द्यावे. मागणी क्षुल्लक वाटून राजा हसला. हिशेब झाला तेव्हा मात्र राज्यातील सर्व कोठारे अपुरी पडली. ही कथा इतिहास नव्हे, आख्यायिका आहे. परंतु तिच्यातील गणित पक्के आहे आणि फार जुने आहे. अल्-बीरूनी (इ. स. ९७३ ते १०४८) या थोर विद्वानाने सुमारे एक हजार वर्षांपूर्वीच ही वीस अंकी बेरीज अचूक काढून ठेवली होती.

चौसष्ट आकड्यांची बेरीज करण्याचे मुळीच कारण नाही. पहिल्या दोन घरांतील दाणे १ + २ = ३, म्हणजे तिसऱ्या घरातील ४ पेक्षा एक कमी. पहिल्या तीन घरांतील दाणे ७, म्हणजे चौथ्या घरातील ८ पेक्षा एक कमी. कारण उघड आहे. पटावर बाहेरून एकच दाणा आणून पहिल्या घरात ठेवला, तर तेथे दोन दाणे होतात. ते दुसऱ्या घरात सरकविले की तेथे चार होतात. ते तिसऱ्यात सरकविले की तेथे आठ होतात. आणि शेवटी सारे धान्य एकाच घरात, पुढील घराच्या संख्येइतके जमते. म्हणून चौसष्ट घरांतील एकूण दाणे म्हणजे, नसलेल्या पासष्टाव्या घरात जितके दाणे आले असते त्यांहून एक कमी. पासष्टाव्या घरातील संख्या म्हणजे दोनाचा चौसष्टावा घात. त्यातून एक वजा केला की आपली संख्या मिळते.

दोनाचा चौसष्टावा घात काढण्यास चौसष्ट वेळा दुप्पट करावी लागत नाही. पिंगलाच्या छंदःसूत्रात यासाठी सुरेख रीत दिली आहे. पद्याच्या चरणातील प्रत्येक अक्षर लघु किंवा गुरू असते. म्हणून तीन अक्षरांचे आठ प्रकार होतात आणि हेच य, र, त, न, भ, ज, स, म हे आठ गण होत. अक्षरे एकाने वाढली की प्रकार दुप्पट होतात. अक्षरांची संख्या मोठी असेल तर काय करावे? पिंगलाची रीत अशी की, संख्या सम असेल तर ती निम्मी करावी व पुढे त्या ठिकाणी वर्ग करावा. विषम असेल तर तीतून एक वजा करावा व पुढे त्या ठिकाणी दुप्पट करावी. चौसष्टाचे निम्मे करीत गेल्यास ३२, १६, ८, ४, २, १ असे सहा टप्पे पडतात. म्हणून एकाची एकदा दुप्पट करून दोन मिळवावेत व मग सहा वेळा वर्ग करावा :

२ चा वर्ग ४
४ चा वर्ग १६
१६ चा वर्ग २५६
२५६ चा वर्ग ६५,५३६
६५,५३६ चा वर्ग ४,२९,४९,६७,२९६
आणि त्याचा वर्ग १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६.

पहिले पाच वर्ग मुले स्वतः करू शकतात. सहावा गुणाकार लांबलचक आहे. तो वर्गातील गटांमध्ये वाटून द्यावा आणि प्रत्येक गटाने एकेका अंकाची ओळ तयार करावी. मोठे काम वाटून घेतले म्हणजे कसे आटोपते, याचाही धडा त्यात मिळतो.

संख्येचे वाचन

भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये रचलेल्या लीलावतीत अठरा स्थानांची नावे दिली आहेत : एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. आपली संख्या वीस अंकी असल्यामुळे ती या अठरा स्थानांतही मावत नाही. परार्धाच्या जागी १८४ ठेवून ती अशी वाचता येते : १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म, ० निखर्व, ७ खर्व, ३ अब्ज, ७ अर्बुद, ० कोटी, ९ प्रयुत, ५ लक्ष, ५ अयुत, १ सहस्र, ६ शत, १ दश आणि ५ एक. ही नावे मुलांकडून पाठ करून घेण्याची आवश्यकता नाही. प्रत्येक नाव आधीच्या नावाच्या दसपट आहे, एवढे कळले की पुरे.

पटाच्या साहाय्याने अवयव

या संख्येचे अवयव कसे पाडावेत? वीस अंकी संख्येला एकेका मूळ संख्येने भागत बसणे वेळखाऊ होय. परंतु पटाकडे नीट पाहिल्यास अवयव आपोआप दिसू लागतात, आणि हाच या पाठाचा गाभा आहे.

पहिल्या दोन घरांत मिळून १ + २ = ३ दाणे आहेत. पुढील दोन घरांत ४ + ८ = १२, म्हणजे पहिल्या जोडीच्या बरोबर चौपट. म्हणून चार घरांत मिळून ३ ची एक पट अधिक चार पटी, म्हणजे ३ × ५ = १५ दाणे.

आता चार घरांचा एक गट धरावा. पुढील चार घरांत प्रत्येक दाण्याच्या जागी सोळा दाणे आहेत. म्हणून आठ घरांत, म्हणजे पहिल्या पूर्ण रांगेत, १५ × १७ = २५५ दाणे. दुसऱ्या रांगेत पहिलीच्या २५६ पट दाणे आहेत; म्हणून दोन रांगांत २५५ × २५७ = ६५,५३५. तिसऱ्या व चौथ्या रांगेत मिळून पहिल्या दोन रांगांच्या ६५,५३६ पट दाणे आहेत; म्हणून अर्ध्या पटावर ६५,५३५ × ६५,५३७ = ४,२९,४९,६७,२९५. आणि उरलेल्या अर्ध्या पटावर पहिल्या अर्ध्याच्या ४,२९,४९,६७,२९६ पट. म्हणून संपूर्ण पटावर ४,२९,४९,६७,२९५ × ४,२९,४९,६७,२९७.

सारांश, आपली संख्या पुढील सहा संख्यांचा गुणाकार आहे :

३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ × ४,२९,४९,६७,२९७

येथे एकही भागाकार करावा लागला नाही. पट दर वेळी दुप्पट मोठा धरला, एवढेच. बीजगणित शिकलेल्या मुलांना हेच दोन वर्गांच्या वजाबाकीच्या सूत्राने दाखविता येईल. परंतु पाचवीच्या मुलांना दाणे आणि चौकोन पुरेसे आहेत.

फेर्माचा तर्क आणि ६४१

वरील सहा अवयवांपैकी ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या पाचही मूळ संख्या आहेत. १ आणि स्वतः यांखेरीज त्यांना भाजक नाही. मग सहावा अवयवही मूळ संख्याच असणार, असे कोणालाही वाटेल. सतराव्या शतकातील फ्रेंच गणिती फेर्मा यालाही तसेच वाटले. या मालिकेतील सर्वच संख्या मूळ असतात, असे मत त्याने १६४० मध्ये आपल्या पत्रव्यवहारात मांडले. तो त्या काळचा अग्रगण्य गणिती होता, आणि पाच उदाहरणे त्याच्या बाजूने होती. तथापि याची सिद्धता त्याला देता आली नाही.

१७३२ मध्ये ऑयलर या तरुण गणितज्ञाने दाखवून दिले की, सहाव्या संख्येला ६४१ ने निःशेष भाग जातो. हा गुणाकार फळ्यावर मांडून पाहता येतो :

६७,००,४१७ × ६०० = ४,०२,०२,५०,२००
६७,००,४१७ × ४० = २६,८०,१६,६८०
६७,००,४१७ × १ = ६७,००,४१७
एकूण ४,२९,४९,६७,२९७

ऑयलरने पुढे हेही सिद्ध केले की, या संख्येचा कोणताही मूळ भाजक ६४ च्या पटीपेक्षा एकाने मोठा असलाच पाहिजे. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१ या होत. म्हणजे या नियमाने शोध घेतल्यास पाचव्याच प्रयत्नात यश येते. ६७,००,४१७ ही मूळ संख्या आहे हेही याच नियमाने ठरविता येते. तिचे वर्गमूळ २,५८८ व २,५८९ यांच्या दरम्यान आहे. तेथपर्यंत ६४ च्या पटीहून एकाने मोठ्या संख्या अवघ्या चाळीस आहेत, आणि त्यांपैकी एकीनेही तिला भाग जात नाही.

६४१ ने भाग का जावा, याचे सुबक कारणही देता येते. शिक्षकांनी ते स्वतःच्या समाधानासाठी एकदा वहीत लिहून पाहावे. ६४१ म्हणजे ६२५ + १६; म्हणून १६ = ६४१ − ६२५. दोनाचा बत्तीसावा घात म्हणजे १६ गुणिले दोनाचा अठ्ठाविसावा घात. येथे १६ ऐवजी ६४१ − ६२५ लिहिल्यास दोन भाग पडतात. पहिला भाग ६४१ ची पट आहे. दुसरा, वजा होणारा भाग म्हणजे ६२५ गुणिले दोनाचा अठ्ठाविसावा घात. ६२५ हा ५ चा चौथा घात आणि दोनाचा अठ्ठाविसावा घात हा १२८ चा चौथा घात. म्हणून हा भाग ५ × १२८ चा, म्हणजे ६४० चा चौथा घात झाला. आता आपल्या संख्येत जो एक अधिक आहे तो या भागाशी जोडला, तर ६४० च्या चौथ्या घातातून एक वजा केलेली संख्या वजा करावयाची राहते. तिच्या अवयवांत ६४० + १, म्हणजे ६४१ येतोच. दोन्ही भाग ६४१ च्या पटी ठरल्या, म्हणून त्यांची वजाबाकीही ६४१ ची पट होय.

अशा रीतीने आपल्या वीस अंकी संख्येचे सर्व मूळ अवयव हाती आले :

३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५,५३७ × ६७,००,४१७

हे सात अवयव परस्परांहून भिन्न आहेत. कोणताही भाजक तयार करताना प्रत्येक अवयव घ्यावयाचा किंवा वगळावयाचा, असे दोनच पर्याय असतात. म्हणून या संख्येचे एकूण भाजक दोनाच्या सातव्या घाताइतके, म्हणजे १२८ आहेत. पटाच्या आठव्या घरातही नेमके १२८ दाणे असतात, हे एखादा चौकस विद्यार्थी आपण होऊन सांगेल.

फेर्माच्या चुकीतून मिळणारा बोध फार मोलाचा आहे. पाच उदाहरणे जुळली म्हणून नियम सिद्ध होत नाही, आणि सांगणारा कितीही मोठा असला तरी पडताळा घ्यावाच लागतो. फेर्माच्या मालिकेत त्या पाचांखेरीज सहावी मूळ संख्या आजवर कोणालाही सापडलेली नाही. वर्गात एखाद्या मुलाने गुरुजींच्या उत्तराविषयी शंका घेतली, तर तिला उद्धटपणा न समजता, तपासून पाहू या, असे म्हणण्याची सवय शिक्षकांनी ठेवावी. तीतच गणिताचे खरे शिक्षण आहे.

नवाचा व अकराचा ताळा

इतका मोठा गुणाकार बरोबर आहे की नाही, हे पुन्हा न करता कसे पाहावे? येथे जुना नवाचा ताळा उपयोगी पडतो. आपल्या संख्येच्या वीस अंकांची बेरीज ८७ येते; ८ + ७ = १५ आणि १ + ५ = ६. आता सात अवयवांचे ताळे क्रमाने ३, ५, ८, ५, २, ८, ७ असे येतात. त्यांचा गुणाकार टप्प्याटप्प्याने ताळा घेत केल्यास ६, ३, ६, ३, ६, ६ असे मिळून शेवटी ६ च उरतो. ताळा जुळला. बेरीज ८७ ला ३ ने भाग जातो, ९ ने जात नाही. म्हणून मूळ संख्येलाही ३ ने भाग जातो व ९ ने जात नाही, हेही सहज कळते. एकं स्थानी ५ असल्यामुळे ५ ने भाग जाणार, हे तर दिसतेच.

नवाच्या ताळ्याची मर्यादाही मुलांना सांगितली पाहिजे. दोन अंकांची अदलाबदल झाली तर बेरीज बदलत नाही आणि चूक लपून राहते. शेजारच्या दोन अंकांची अशी अदलाबदल अकराच्या ताळ्याने पकडता येते. उजवीकडून मोजून विषम स्थानांवरील अंकांची बेरीज ६२ येते व सम स्थानांवरील अंकांची २५. वजाबाकी ३७, तिला अकराने भागले असता बाकी ४. सात अवयवांना अकराने भागून उरणाऱ्या बाक्या ३, ५, ६, ४, ३, १०, ९ अशा आहेत. त्यांचा गुणाकार करून अकराने भागले असता बाकी ४ च येते. दोन्ही ताळे जुळल्यावर गुणाकाराविषयी बराच विश्वास वाटू लागतो. मात्र ताळा चुकला तर उत्तर निश्चित चूक. ताळा जुळला तर उत्तर बहुधा बरोबर. हा भेद स्पष्ट करावा.

धान्याच्या मापाने

संख्येचे मोठेपण केवळ अंक मोजून कळत नाही. ते हाताला जाणवावे लागते. वर्गात दहा ग्रॅम गहू तोलून त्यांतील दाणे मुलांकडून मोजून घ्यावेत. ते साधारण अडीचशेच्या आसपास भरतील. म्हणजे पटाची पहिली रांग भरण्यास दहा ग्रॅमची चिमूट पुरते. दुसरी रांग भरेपर्यंत एकूण अडीच किलोग्रॅमहून थोडे अधिक गहू लागतात. ते मुले घरून आणू शकतील. तिसरी रांग भरेपर्यंत सुमारे ६७१ किलोग्रॅम, म्हणजे पावणेसात क्विंटलच्या जवळपास. हे एखाद्या शेतकऱ्याच्या घरी मिळेल. चौथी रांग, म्हणजे अर्धा पट भरेपर्यंत सुमारे १७२ टन. दहा टनांच्या सतरा-अठरा मालमोटारी. पाचवी रांग संपताच सुमारे ४४ हजार टन. आणि संपूर्ण पटाला सुमारे ७३,८०० कोटी टन. साऱ्या जगात आज वर्षाला गहू पिकतो तो सुमारे ८० कोटी टन. म्हणजे सर्व पृथ्वीचे नऊशेहून अधिक वर्षांचे पीक त्या एका पटावर ओतावे लागेल.

येथे एक गोष्ट मुलांच्या मनावर ठसवावी. अर्धा पट भरेपर्यंत राजाला काळजीचे कारण नव्हते. दुपटीचा हाच स्वभाव आहे. आरंभी ती निरुपद्रवी दिसते आणि संकट ध्यानात येते तेव्हा उपाय उरलेला नसतो. चक्रवाढ व्याजाचे कर्ज याच रीतीने वाढते. व्याजाची थकबाकी मुद्दलाहून अधिक वसूल करता येऊ नये, असा दामदुपटीचा नियम आपल्याकडील जुन्या धर्मशास्त्रात घातला गेला, त्यामागे हीच जाणीव होती.

प्रत्येक सभासदाने दोन नवे सभासद आणावेत आणि त्यांच्या पैशातून आधीच्यांना लाभ मिळावा, अशा साखळी योजनांनी अनेक गावांतील बचत बुडविली आहे. त्यांचे गणितही हेच आहे. पहिल्या पायरीवर एक, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर चार याप्रमाणे तीस पायऱ्यांत १०७ कोटींहून अधिक माणसे लागतात. एकतिसाव्या पायरीअखेर हा आकडा २१४ कोटींवर जातो, म्हणजे भारताची सारी लोकसंख्या अपुरी पडते. तेहेतिसाव्या पायरीअखेर तो ८५८ कोटींवर जातो. इतकी माणसे आज पृथ्वीवर नाहीत. साखळी कोठेही तुटली तरी शेवटच्या पायरीवरील माणसे सर्व सभासदांच्या निम्म्याहून अधिक असतात, आणि नुकसान त्यांचेच होते. सातवीतील मुलगा हे गणित घरी समजावून सांगू शकला, तर त्या घरचा पैसा कदाचित वाचेल.

कंपासपेटीशी संबंध

अर्ध्या पटावरील संख्या ४,२९,४९,६७,२९५ हिचे अवयव ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ हे आहेत. या पाच संख्यांचा भूमितीशी अनपेक्षित संबंध आहे. कंपास व खुणा नसलेली पट्टी एवढ्याच साधनांनी समभुज त्रिकोण आणि सुसम पंचकोन काढता येतात, हे प्राचीन ग्रीकांना ठाऊक होते. सुसम सतराकोनही काढता येतो, हे १७९६ मध्ये गाउसने शोधून काढले. त्या वेळी त्याला एकोणीस वर्षेही पुरी झाली नव्हती. फेर्माच्या मालिकेतील वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार करून येणाऱ्या बाजूंचे सुसम बहुकोन काढता येतात, हे त्याने दाखविले. विषम बाजूंचे अन्य कोणतेही काढता येत नाहीत, याची सिद्धता १८३७ मध्ये वांट्झेल याने दिली. म्हणून सुसम सप्तकोन वा नवकोन केवळ कंपास व पट्टीने अचूक काढता येत नाही. वर्गात आपण काढतो तो स्थूलमानाने असतो. ज्ञात मूळ संख्यांवरून असे विषम बाजूंचे बहुकोन एकंदर ३१ होतात आणि त्यांतील सर्वांत मोठ्याच्या बाजू नेमक्या अर्ध्या पटावरील दाण्यांइतक्या, म्हणजे ४,२९,४९,६७,२९५ आहेत.

इतर ठिकाणी हीच संख्या

ल्यूका या फ्रेंच गणितीने १८८३ मध्ये हनोईचा मनोरा नावाचे कोडे प्रसिद्ध केले. तीन खुंट्या, एका खुंटीवर उतरत्या आकाराच्या तबकड्या. एका वेळी एकच तबकडी हलवायची आणि लहान तबकडीवर मोठी ठेवायची नाही. काशीच्या एका देवळात पुजारी चौसष्ट सुवर्णाच्या तबकड्या याप्रमाणे हलवीत आहेत आणि त्या संपताच जगाचा अंत होईल, अशी कथा या कोड्याला जोडण्यात आली. ती कथा युरोपात रचलेली आहे. काशीची परंपरा म्हणून ती मुलांना सांगू नये. चौसष्ट तबकड्या हलविण्यास मात्र खरोखरच आपल्या संख्येइतक्या हालचाली लागतात. दर सेकंदाला एक हालचाल केली तरी ५८ हजार कोटींहून अधिक वर्षे लागतील. विश्वाचे आजवरचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे. पुठ्ठ्याच्या चार तबकड्या कापून पंधरा हालचालींत हे कोडे मुलांना सोडविता येते.

आजच्या संगणकांतही ही संख्या आढळते. संगणक सर्व संख्या ० व १ या दोनच अंकांनी, म्हणजे द्विमान पद्धतीने लिहितो. संख्येसाठी चौसष्ट जागा राखल्या आणि सर्वांत १ लिहिला, तर जी सर्वांत मोठी संख्या होते ती हीच. पटाच्या प्रत्येक घरात १ हा अंक मांडला, असे समजले की झाले.

वर्गातील योजना

या पाठास तीन-चार तासिका पुरेत. तिसरी-चौथीच्या मुलांनी चिंचोक्यांनी पहिली रांग मांडावी व मागील घरांची बेरीज पुढील घराहून एकाने कमी कशी येते ते स्वतः पाहावे. पाचवी-सहावीच्या मुलांनी वर्गांची मालिका, रांगांचे गट आणि नवाचा ताळा करावा. सातवीच्या मुलांनी ६४१ चा गुणाकार, अकराचा ताळा आणि साखळी योजनेचे गणित करावे. साहित्य म्हणून जमिनीवर खडूने आखलेला पट, मूठभर चिंचोके आणि तराजू एवढेच लागते.

पाठाच्या शेवटी ती वीस अंकी ओळ पुन्हा फळ्यावर लिहावी व खाली तिचे सात अवयव मांडावेत. पहिल्या दिवशी जी ओळ पाहून मुले दडपली होती, ती आता त्यांच्या परिचयाची झालेली असेल. तिच्यातील एक अंक गुरुजींनी मुद्दाम चुकवून लिहावा. वर्गातील एका जरी मुलाने ताळा घेऊन, गुरुजी, येथे काहीतरी चुकले आहे, असे सांगितले, तर पाठ सफल झाला असे समजावे.